घरातलं कासव उपवन तलावात सोडलं तर चालेल का?

पोखरणकरीण | ३ जून, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. प्रश्न तसा साधा आहे पण घरात त्यावरून तीन पार्ट्या पडल्यात म्हणून इथे विचारतेय. मुलगा पहिलीत असताना त्याच्या मामाने वाढदिवसाला कासव आणून दिलं. तेव्हा दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा जरासं मोठं होतं, हिरवंगार, डोळ्यांच्या मागे लाल पट्टा. दुकानदार म्हणाला होता की हे एवढंच राहतं, भांडं लहान असेल तर वाढत नाही. आता मुलगा आठवीत आहे आणि राजूची (कासवाचं नाव) पाठ मोजली तर नऊ इंच भरते. गॅलरीत मोठ्या टबात ठेवतो, दिवसाआड पाणी बदलावं लागतं, नाहीतर वासाने शेजारचे काका बेल वाजवतात.

आता आमची बंगळुरूला बदली होतेय. नवऱ्याचं म्हणणं, ठाण्यातला उपवन तलाव आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे, रविवारी सकाळी नेऊन सोडू, बिचाऱ्याला एवढं मोठं तळं मिळेल, मासे मिळतील. सासूबाई म्हणतात लक्ष्मी आहे, घराबाहेर काढायचीच नाही, आणि अगदीच काढायची तर देवळाजवळच्या तळ्यात, म्हणजे कौपिनेश्वरासमोर तलावपाळीला. मुलगा म्हणतो विमानाने न्यायचं. मला तिघांचंही पटत नाहीये पण माझ्याकडे चौथा पर्यायही नाहीये. तर सोडावं का, आणि सोडायचं तर कुठे?

नंदू_कळवा

खाडीत सोडा ना. जागाच जागा. विषय संपला.

खाडीकाठी

नंदूभाऊ, खाडीचं पाणी खारं असतं हो. हे गोड्या पाण्यातलं जनावर आहे, त्याला तिथे मारायलाच सोडल्यासारखं होईल. वेळासला जाऊन समुद्राकडे पळणारी पिल्लं बघून आल्यापासून लोकांना कुठलंही कासव दिसलं की समुद्रच आठवतो. ती ऑलिव्ह रिडले, त्यांना पायांच्या जागी पर असतात, जन्मभर समुद्रात. याच्या उलटही करतात लोक. आमच्या कोपरीत एकाने चांदणीवालं कासव, स्टार टॉर्टॉइज, पुण्य म्हणून तळ्यात टाकलं होतं. ते जमिनीवरचं कासव, त्याला पोहता येत नाही, बुडतं ते. पुण्य कुणाच्या खात्यात जमा झालं देव जाणे.

अडगुलं_मडगुलं

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. आमच्याकडे काचेचं आहे, ताटलीत पाणी घालून उत्तरेकडे तोंड करून ठेवलंय. वास येत नाही, वाढत नाही, बंगळुरूला पर्समधून जाईल. लक्ष्मी मात्र अजून आलेली नाही :)

पाणकावळा | ४ जून, सकाळी ७.०५

ताई, सोडू नका. उपवन नको, तलावपाळी नको, कचराळी नको, येऊरचा ओढा तर अजिबातच नको.

तुमच्या राजूला रेड इअर्ड स्लायडर म्हणतात. मूळ गाव अमेरिका, मिसिसिपी नदीचं खोरं. तिथे फार्मवर पैदास करून जगभर पाठवली ही कासवं. अतिशय चिवट, काहीही खाणार, घाण पाण्यात तगणार, वीस-तीस वर्षं आरामात जगणार. नेमकं त्यामुळेच आययूसीएनच्या (निसर्ग संवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना) जगातल्या शंभर सगळ्यात उपद्रवी घुसखोर जातींच्या यादीत हे आहे. युरोपियन युनियनने १९९७ मध्ये याची आयात थांबवली. खुद्द अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासव पाळायला विकता येत नाही, पण तिथलं कारण वेगळं होतं, पोरं ती हाताळायची, तोंडात घालायची आणि साल्मोनेला नावाच्या जंतूने आजारी पडायची. (यावरून आठवलं, टबला हात लावला की साबणाने हात धुता ना? आणि टबचं पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतू नका.) आपल्याकडे मात्र नाण्याएवढीच विकली जातात आणि "एवढंच राहतं" हे वाक्य तर प्रत्येक दुकानात ऐकायला मिळतं. भांड्याच्या मापाने कुठलंही कासव वाढायचं थांबत नाही. नीट वाढलं नाही तर ते आजारी आहे एवढाच त्याचा अर्थ.

केरळात त्रिशूरकडे ही मोकळ्यावर सापडायला लागली तेव्हा तिथल्या वन संशोधन संस्थेने लोकांना हात जोडून सांगितलं की पाण्यात सोडू नका, आम्हाला आणून द्या. गुवाहाटीतही देवळाच्या तळ्यात सापडलंय. म्हणजे तुमच्या सासूबाईंसारखा विचार करणारे देशभर आहेत.

गवतीचहा

पाणकावळा, मुद्दा कळला पण जरा जास्तच होतंय असं नाही वाटत? एक कासव. एक. आपल्या तलावांत तिलापिया आहे, मांगूर आहे, कुणीतरी सोडलेले ते मगरीच्या तोंडाचे मासे आहेत, निर्माल्य आहे, पावाचे तुकडे आहेत, बोटिंग आहे, रात्री लायटिंग आहे. तिथे एका कासवाने असं काय आभाळ कोसळणार आहे? उलट टबात सडण्यापेक्षा मोकळं तरी होईल ते. प्राण्याचा विचार करायचा की तलावाचा?

वसंतविहारी

गवतीचहाला +१. आणि वाचवायचं कुणाला? जन्म गेला ठाण्यात, तलावांचं शहर तलावांचं शहर ऐकत मोठा झालो, एकाही तलावात देशी कासव बघितलं नाही. तलावपाळीला दगडावर बसलेली दिसतात ती सगळी या लाल पट्टेवाल्यांचीच गँग.

तळ्यातमळ्यात

वसंतविहारी, तुम्ही बघितलं नाही कारण ते दिसायला बसत नाही. लाल पट्टेवाला दगडावर येऊन पाय ताणून दिवसभर ऊन खातो, लोक फोटो काढतात. आपलं देशी ऊन खातं पण थोडकं, बाकी वेळ तळाला गाळात. वर येतं ते फक्त नाकापुरतं. मी पहाटे फिरायला जातो त्या तळ्याच्या (नाव सांगत नाही, सांगितलं की लोक जाळी घेऊन येतात) एका कोपऱ्यात जलपर्णी माजलेली आहे तिथे शांत उभं राहिलं की पाण्यावर एक बारीक टोक येतं, दोन नाकपुड्या, श्वास घेतला की खाली. पहिल्यांदा मला पाणसापच वाटला होता. पूर्ण कासव बघायला मिळालं ते मेलेल्या माशामुळे. मासा काठाला लागला होता आणि हे खालून येऊन त्याचे लचके तोडत होतं, पुढच्या पायांच्या नखांनी धरून फाडत होतं. फोटो आहे पण मोबाईलचा, पाणी आणि पाणीच दिसतंय.

पाणकावळा

तळ्यातमळ्यात, जियो! हेच सांगायला आलो होतो.

गवतीचहा, एका कासवाने आभाळ कोसळत नाही हे मान्य. पण उपवनला रविवारी येणारं प्रत्येक कुटुंब एकच कासव घेऊन येतं. आणि तलाव रिकामा नाहीये, तिथे आधीपासून कुणीतरी राहतंय. त्याच्याबद्दल थोडं लिहितो, कारण आपल्याला त्या परक्या कासवाचं इंग्लिश नाव पाठ असतं आणि अंगणातल्याची ओळखही नसते.

आपल्याकडे तळी, भातखाचरं, ओढे, कालवे यांत सगळ्यात जास्त आढळतं ते इंडियन फ्लॅपशेल, मऊ पाठीचं कासव. त्याच्या पाठीवर खवल्यांच्या चौकटी नसतात, हाडावर सलग कातडी, ओलं असताना गुळगुळीत. रंग मातकट हिरवट. उत्तरेकडे गंगेच्या खोऱ्यातल्यांवर पिवळे ठिपके असतात, आपल्याकडचं बहुतेक साधंच. मोठी मादी फूटभराच्या आसपास, नर लहान. खरी गंमत पोटाकडून बघितल्यावर कळते. मागच्या पायांच्या इथे कातडीच्या दोन झडपा असतात, पाय आत ओढले की त्या झडपा वर येऊन बंद, दुकानाचं शटर ओढल्यासारख्या. पुढची बाजूही मिटते. मग कोल्हा असो की कुत्रा, बसा म्हणावं चाटत.

खाणं म्हणजे गोगलगाई, बेडूक, छोटे मासे, कोळंबी, किडे, पाण्यातलं गवत, पडलेली फुलं, बिया, आणि मेलेलं काहीही. तळ्याची सफाई फुकटात करणारं जनावर आहे हे. स्लायडर त्याच पाण्यात तेच खातो, आणि जागाही बळकावतो. युरोपात तिथल्या देशी तळकासवाबरोबर स्लायडर ठेवून बघितले तर स्लायडरने उन्हाच्या चांगल्या जागा पटकावल्या आणि देशी बिचारी बाजूला. शिवाय दुकानाच्या टाकीतून आलेले जंत, रोग, ते वेगळेच.

राहता राहिला प्राण्याचा विचार. सात वर्षं पेलेट खाल्लेलं कासव तळ्यात नेऊन टाकलं तर ते मोकळं होतं की बेघर, ते तुम्हीच ठरवा.

गवतीचहा

बेघर हा शब्द जरा भावनिक आहे पण ठीक. शटरवालं आवडलं.

घणसोलीचा_पोरगा | ४ जून, रात्री ११.४०

उशिरा आलो पण या विषयावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. आम्ही मूळचे इथले, सेक्टर पडायच्या आधीपासूनचे. आत्ता जिथे रो हाऊस आहेत तिथे भाताची खाचरं होती, अलीकडे गोडं, खाडीकडे खारं. गावचं तळं होतं. उन्हाळ्यात तळं आटलं की गावकी मिळून गाळ काढायची आणि तो गाळ शेतात टाकायची. आजोबा सांगायचे, गाळ खणताना हातभर खाली कासवं निघायची, जिवंत, डोळे मिटलेली, चिखलाच्या गोळ्यात गोळा होऊन पडलेली. पाणी नाही, खाणं नाही, नुसतं पडून राहायचं पाऊस येईपर्यंत. आजोबा ती उचलून विहिरीच्या बाजूला जिथे ओल असायची तिथे पुरायचे. सगळेच तसं करायचे असं नाही, खोटं कशाला बोलू, काही जण घरी न्यायचे आणि कालवण व्हायचं. त्या काळी कायदा कुणाला माहीत.

आणि पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढायला लागले की मासे पकडायला गेलेल्यांना बांधावर हमखास कासव भेटायचं, एका खाचरातून दुसऱ्यात निघालेलं. आता बांधच नाहीत. आमच्या तळ्याला चारी बाजूंनी भिंत, टाईल्स, मधोमध कारंजं. सकाळी तिथे योगा चालतो. कासव त्या भिंतीवरून चढणार कसं आणि गाळात शिरणार कसं? कारंज्याला नावं ठेवत नाहीये, माझी आईही तिथेच फिरायला जाते.

बेलापूरची_माई

किती सुंदर लिहिलंय बाळा. माझं माहेर शहापूरकडचं, वलगण म्हटल्यावर नाकात तो पहिल्या पावसाचा वास आला.

मला एक विचारायचं होतं. आपल्या संतांच्या वाणीत कासवीचा दाखला नेहमी येतो, की ती पिल्लांना दूध पाजत नाही, पंखाखाली घेत नाही, नुसत्या नजरेनं वाढवते. आमच्या भजनी मंडळात परवाच त्यावर निरूपण झालं. खरंच तसं असतं का हो?

पाणकावळा

माई, नमस्कार. अगदी उलट असतं, पण दाखला कुठून आला असेल त्याचा अंदाज करता येतो. कासवी अंडी पुरून निघून जाते, परत बघायलाही येत नाही. पिल्लं आपली आपण फुटतात, आपली आपण पाणी शोधतात आणि पहिल्या दिवसापासून स्वतःचं पोट भरतात. आता लांबून बघणाऱ्याला वाटणार, आई पाण्यात, पिल्लं काठावर, कुणी भरवताना दिसत नाही आणि तरी वाढतायत. मग नजरेशिवाय राहिलं काय?

फ्लॅपशेलची अंडी गोल, कडक कवचाची, एका वेळी दोन-चारपासून डझनभरापर्यंत, आणि वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा घालते. काठावरच्या मातीत मागच्या पायांनी खड्डा करून. ती अंडी जमिनीत कित्येक महिने राहतात, आतली वाढ मधेच थांबून राहू शकते. म्हणून घणसोलीच्या भाऊंनी भिंतीचं लिहिलंय ते महत्त्वाचं आहे. पाणी कितीही स्वच्छ करा, काठाला पाचपन्नास फूट उघडी माती नसेल तर तिथली कासवं म्हातारी होऊन संपतील. कासव दीर्घायुषी असल्यामुळे बरीच वर्षं आपल्याला कळणारही नाही, दिसतायत की कासवं, म्हणत राहू.

बेलापूरची_माई

पुढच्या एकादशीला सांगते मंडळात. बुवा रागावतील :)

शंकासुर

कायद्याचं कुणी नीट सांगेल का? आमच्या सोसायटीत एकांकडे "देशी" कासव आहे, ते म्हणतात गावाहून आणलंय, विकत घेतलेलं नाही म्हणजे गुन्हा नाही.

खाडीकाठी

विकत घेतलंय की सापडलंय याने फरक पडत नाही. फ्लॅपशेल आणि स्टार टॉर्टॉइज दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या, म्हणजे १९७२ च्या, पहिल्या परिशिष्टात आहेत. जिथे वाघ, तिथेच हे. घरात ठेवलं तरी तीन ते सात वर्षं कैद आणि वर दंड. स्लायडर परदेशी, त्यामुळे तो या यादीत नाही, आणि म्हणून दुकानदार बिनधास्त काचेत मांडून ठेवतो. २०२२ च्या दुरुस्तीत अशा परक्या घुसखोर जातींवर नियम करायचे अधिकार सरकारला मिळालेत. त्या काकांना सांगा, वन खात्याचा १९२६ नंबर आहे, फोन करून देऊन टाका. आपणहून देणाऱ्याशी बोलण्याची भाषा वेगळी असते.

शंकासुर

ते काका सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. मी सांगितलं तर माझं पार्किंग जाईल.

अडगुलं_मडगुलं

चिठ्ठी टाका. डाव्या हाताने लिहा.

कर्जतची_कैरी

आमच्याकडे एक माणूस मऊ कासव गळाला आमिष म्हणून वापरायचा, तुकडे करून. शिवाय कुणीतरी नेहमी असतंच की ज्याला मूळव्याधीवर कासवाचं रक्त किंवा दम्यावर कासवाचं तेल सांगितलेलं असतं. आययूसीएनने या फ्लॅपशेलला आता असुरक्षित गटात टाकलंय, आणि हे म्हणजे सगळीकडे मिळणारं म्हणून ओळखलं जाणारं कासव.

यावरून जे. विजया यांची आठवण झाली. भारतातल्या पहिल्या महिला सरीसृपतज्ज्ञ, मद्रासच्या क्रोकोडाइल बँकेत काम करायच्या. बंगालच्या बाजारांत फिरून तिथे विकायला येणाऱ्या कासवांची नोंद त्यांनी केली होती, म्हणजे कुठल्या कोपऱ्यात उभं राहून काय काय बघावं लागलं असेल विचार करा. १९८२ मध्ये केरळच्या जंगलात त्यांनी केन टर्टल पुन्हा शोधून काढलं, कित्येक दशकं कुणाला दिसलं नव्हतं ते. १९८७ मध्ये फार तरुण वयात गेल्या. २००६ मध्ये त्या कासवाच्या प्रजातीला (जीनसला) त्यांचं नाव दिलं, विजयाचेलिस. शाळेच्या पुस्तकात ससा-कासवाच्या गोष्टीशेजारी यांच्याबद्दल दोन ओळी छापल्या तर काय बिघडेल.

वसंतविहारी

हे माहीत नव्हतं. धन्यवाद. आणि ते पिवळंधमक कासव व्हायरल झालं होतं लॉकडाऊनमध्ये, ते कोणतं? फोटोशॉप म्हणून मी ग्रुपवर भांडलो होतो.

पाणकावळा

खरं होतं. जुलै २०२०, ओडिशात बालासोर जिल्ह्यात सापडलं. फ्लॅपशेलच, रंगद्रव्य नसलेलं. त्याच वर्षी पुढे बंगालमध्येही एक निघालं.

पोखरणकरीण | ६ जून, दुपारी २.२०

बापरे, दोन दिवस आले नाही तर इथे जत्रा भरलीय. सगळं वाचून काढलं, नवऱ्यालाही वाचायला लावलं. उपवन कॅन्सल. सासूबाईंनी माईंची पोस्ट दोनदा वाचून घेतली.

पण आता एक नवीनच झालंय. राजू चार दिवस नीट खात नाहीये. रात्री मागच्या पायांनी टब खरवडतो, एवढा आवाज की झोप लागत नाही. बाहेर काढला तर गॅलरीच्या कुंड्यांच्या कोपऱ्यात जाऊन तेच. मुलगा म्हणतो त्याला कळलंय आपण सोडून चाललोय.

वाशीची_पेटवाली

ताई, राजूच्या पुढच्या पायांची नखं बघा. लांबलचक, बाकीच्या नखांच्या दुप्पट आहेत का? नर असेल तर असतात, ती मादीच्या तोंडासमोर थरथरवून तो तिला पटवतो. आणि शेपटी जाड, लांब आहे का?

पोखरणकरीण

नाही. नखं आखूड, सगळी सारखीच. शेपटी एवढीशी.

वाशीची_पेटवाली

मग अभिनंदन, राजू बाई आहे. नऊ इंच म्हटल्यावरच मला शंका आली होती, नर सहसा एवढे होत नाहीत. आणि ती सोडून जाण्याच्या दुःखात नाहीये, तिला अंडी घालायचीत. नर नसला तरी मादी अंडी घालते, कोंबडीसारखंच, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. पण पाण्यात घालायची तिला सवय नाही, खणायला माती लागते. माती मिळाली नाही तर ती धरून ठेवते आणि आत अडकून जिवावर बेततं. आजच करा: मोठा क्रेट घ्या, कमरेएवढा नको पण तिच्या पाठीच्या लांबीइतका खोल भरेल अशी ओलसर वाळू-माती, शांत कोपरा, कुणी डोकावायचं नाही. आणि उद्या पक्षी-कासवं बघणाऱ्या डॉक्टरकडे एक एक्सरे. कुत्र्यामांजरांच्या सगळ्याच डॉक्टरांना यातलं जमतं असं नाही, फोनवर आधी विचारा.

अजून एक. तिला ऊन मिळतं का थेट? काचेतून आलेलं चालत नाही, त्यातले किरण काच अडवते. त्याशिवाय अंगात कॅल्शियम लागत नाही आणि पाठ मऊ पडते. आणि नुसत्या लाल काड्यांच्या पेलेटवर ठेवू नका, या वयात पाला हवा, पाठीला खोबरेल तेल चोळत असाल तर तेही बंद.

पोखरणकरीण

तेलाचं तुम्हाला कसं कळलं??

वाशीची_पेटवाली

ठाण्यातली निम्मी कासवं खोबरेल तेलात असतात ताई.

शंकासुर

एक बाळबोध प्रश्न. तळ्यात सोडलेल्या सगळ्या माद्याच असल्या तर पिल्लं होणारच नाहीत, मग घाबरायचं कशाला?

पाणकावळा

सगळ्या नसतात ना. पण प्रश्न चांगलाय. स्लायडरमध्ये नर की मादी हे अंडं कुठल्या तापमानाला उबतं त्यावर ठरतं. सव्वीस अंशांच्या आसपास नर, एकतीसच्या वर माद्या.

अडगुलं_मडगुलं

म्हणजे मे महिन्यात ठाण्यात सगळं महिला मंडळच निघणार. हळदीकुंकवाला बोलवा.

पोखरणकरीण | ९ जून, सकाळी ९.३०

अपडेट. एक्सरेत अंडी स्पष्ट दिसली. डॉक्टर म्हणाले दोन दिवस माती देऊन बघा, नाही झालं तर इंजेक्शन. काल पहाटे क्रेटमध्ये सात अंडी! पांढरी, लांबट. वरून माती इतकी नीट लोटून दिली होती की मुलाने उकरल्याशिवाय कळलंच नाही. आता जेवायला लागलीय. नाव राजीच ठेवलंय. सासूबाईंनी दृष्ट काढली.

बंगळुरूला नेणं जमणार नाही, तिथलं घर लहान आहे. कुणाकडे जागा असेल तर सांगा, टब, दिवा, सगळं देते.

खारघरची_गच्ची

इतके दिवस नुसती वाचत होते. आमच्याकडे गच्चीवर सिमेंटचा हौद आहे, उन्हात, वर जाळी, फिल्टर आहे आणि अशाच सोडून दिलेल्या दोन माद्या आहेत. नर घेत नाही. कोपऱ्यात वाळूचा वाफा केलाय. घेईन मी. अट एकच, मुलाला सुट्टीत भेटायला पाठवायचं आणि त्याने हौद घासायचा.

पोखरणकरीण

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. मुलगा हौद घासायला तयार आहे, घरी स्वतःचं ताट उचलत नाही.

गवतीचहा

चला, मी सोडा म्हणणाऱ्या पार्टीत होतो पण हे छान झालं. ते "एका कासवाने काय होतं" वालं मात्र अजून पूर्ण पटलेलं नाही, तलावांची खरी वाट माणसांनी लावलीय, कासवांनी नाही. त्यावर वेगळा धागा काढतो.

नंदू_कळवा | ११ जुलै, रात्री ११.५०

धागा वर काढतोय, अर्जंट आहे. रात्रभर पाऊस, पार्किंगमध्ये घोटाभर पाणी आणि लिफ्टच्या बाजूला कासव बसलंय. लाल पट्टा नाही. पाठ सपाट, गुळगुळीत, मातकट. हेच का ते शटरवालं? पोरं जमलीत. काय करू? खाडीत सोडत नाही, घाबरू नका.

पाणकावळा

तेच असणार. पावसात एका पाण्यातून दुसऱ्या पाण्याकडे निघतात ती, मधे आपली बिल्डिंग येते. पोरांना आणि कुत्र्यांना लांब करा. मोठा टब किंवा बादली आडवी करून त्यात ढकला, ओलं फडकं टाका, खोल पाणी भरू नका, खायला काही देऊ नका. १९२६ ला फोन लावा. कुणाच्या गॅलरीत जाऊ देऊ नका, एका रात्रीसाठी सुद्धा.

नंदू_कळवा

चावतं का?

पाणकावळा

चावतं. मान दिसते त्यापेक्षा बरीच लांब असते, बाजूला धरलं तरी मागे वळून गाठते. पाठीच्या अगदी मागच्या टोकाला धरायचं.

नंदू_कळवा

उशीर झाला. मेव्हण्याने बाजूने धरलं.

खाडीकाठी

जखम साबणाने धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला लावा. फोन लागला का?

नंदू_कळवा | १२ जुलै, रात्री १.१५

लागला. माणसं येऊन घेऊन गेली, फॉर्मवर सही केली. म्हणाले तपासून जवळच्याच पाणथळीत सोडतील. मेव्हणा इंजेक्शन घेऊन आला, आता सगळ्यांना मगर चावल्यासारखं सांगतोय.